पत्र्याच्या आतली बाजू

कॅलिफोर्नियात सोनं सापडल्याची बातमी पसरली आणि 1849 साली हजारो माणसं सॅन फ्रान्सिस्कोच्या बंदरात उतरू लागली. उतरली खरी, पण राहायचं कुठं? लाकूड महाग, सुतार त्याहून महाग, आणि जो हातोडा धरू शकत होता तो कुदळ घेऊन डोंगरात पळाला होता. ही अडचण न्यू यॉर्कमधल्या पीटर नेलर या छपरं घालणाऱ्या व्यावसायिकानं अचूक हेरली. त्यानं जस्त चढवलेल्या लोखंडी पत्र्यांची सुटी घरं जहाजावर चढवून विकायला काढली. भाग एकमेकांच्या खाचेत सरकवायचे, वीस फूट बाय पंधरा फुटांचं घर एका दिवसाच्या आत उभं, लाकडापेक्षा स्वस्त, वर आगीची भीती नाही, असा त्याच्या जाहिरातीचा सूर होता. अशी काही शे घरं त्यानं पाठवली.

घरं खरंच झटपट उभी राहिली. तक्रारी सुरू झाल्या त्या राहायला गेल्यानंतर. दुपारी ऊन चढलं की आतली हवा भट्टीची आणि तापलेल्या रंगाचा दर्प नाकात. संध्याकाळी गार वारा सुटला की तेवढ्याच वेगानं सगळं गारठलेलं. पाऊस आला तर शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. मे 1851 मध्ये शहराला मोठी आग लागली, तेव्हा जाहिरातीतला शेवटचा दावाही कोसळला. पत्रा जळत नाही हे खरं, पण तो तापतो, फुगतो आणि वाकतो. लोखंडी इमारतीत आसऱ्याला थांबलेल्या काही जणांना तापून घट्ट बसलेली दारं उघडता आली नाहीत आणि ते आतच दगावले.

सुट्या लोखंडी इमारतींचा पुढचा पावणेदोनशे वर्षांचा इतिहास या दोन परिच्छेदांत बीजरूपानं आहे. इमारत उभी करण्याचं कोडं फार लवकर सुटलं. ती माणसाला, यंत्राला किंवा मोटारीला सोसवेल अशी करण्याचं कोडं मात्र अजूनही नव्यानं सोडवावं लागतं. आज कोणी हौसेनं गॅरेजचा पोलादी संच मागवतो, सुट्टीच्या दिवसांत मित्रांना हाताशी धरून नटबोल्ट आवळतो आणि पहिल्या थंडीत छतावरून टपटपणारं पाणी बघत बसतो. नेलरच्या गिऱ्हाइकांना जे कळलं, तेच त्याला नव्यानं कळत असतं.

पत्र्याला पन्हळ पाडण्याची कल्पना सोन्याच्या शोधाच्या वीस वर्षं आधीची. लंडनच्या गोदीत काम करणारे अभियंता हेन्री रॉबिन्सन पामर यांनी 1829 साली त्याचं पेटंट घेतलं. सपाट धरलेला कागद लगेच लवतो, त्यालाच पंख्यासारख्या घड्या घातल्या तर तो स्वतःचं वजन पेलतो. पामर यांनी लोखंडाच्या पातळ पत्र्याला नेमकं हेच करायला लावलं. घड्यांमुळं पत्र्याला खोली येते आणि वाकायला होणारा विरोध कैक पटींनी वाढतो. पन्हळी पत्र्याला कमानीसारखा बाक दिला, तर खाली कैची न घालताही तो छप्पर म्हणून उभा राहतो. गोदीतल्या पहिल्या शेड याच पद्धतीनं झाल्या. पुढं हे हक्क रिचर्ड वॉकर यांच्याकडं गेले आणि 1843 मध्ये पेटंटची मुदत संपल्यावर हा धंदा सर्वांना खुला झाला.

तोवर पत्र्याचा मोठा शत्रू, गंज, याच्यावरही इलाज निघाला होता. 1837 मध्ये फ्रान्समध्ये स्तानिस्लास सोरेल यांनी वितळलेल्या जस्तात लोखंड बुडवण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. जस्ताचं काम नुसतं रंगासारखं झाकण्याचं नाही. ओरखडा पडून लोखंड उघडं पडलं, तरी आजूबाजूचं जस्त आधी झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. पन्हळ आणि जस्त या दोन गोष्टी एकत्र आल्या आणि हलका, रचून ठेवता येणारा, जहाजाच्या तळाशी कमी जागेत मावणारा माल तयार झाला.

हा माल सगळ्यात जास्त खपला तो ऑस्ट्रेलियात. 1851 मध्ये व्हिक्टोरिया प्रांतात सोनं सापडलं आणि मँचेस्टर, ग्लासगो, ब्रिस्टल, लिव्हरपूल इथल्या कारखान्यांतून लोखंडी घरं, दुकानं, गोदामं मेलबर्नच्या धक्क्यावर येऊन पडू लागली. साउथ मेलबर्नच्या कोव्हेंट्री स्ट्रीटवर अशी काही घरं आजही जपून ठेवली आहेत. मँचेस्टरच्या एडवर्ड बेलहाउस यांनी 1851 च्या लंडनच्या महाप्रदर्शनात आपली लोखंडी घरं मांडली. ती बघून राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट यांनी स्कॉटलंडमधल्या बालमोरल इस्टेटीसाठी एक लोखंडी नृत्यगृह मागवलं, आणि त्याच वर्षी ते उभंही राहिलं. दरबारी नाच तिथं फार वर्षं झाले नाहीत. पुढं ती वास्तू सुतारकामाच्या वर्कशॉपसाठी वापरली गेली. पत्र्याच्या शेडीचा शेवट वर्कशॉपमध्ये होतो, याला राजघराण्याची शेडही अपवाद ठरली नाही.

मुंबईनं या व्यवहारात वेगळीच हुशारी दाखवली. काळा घोड्याजवळची एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे पूर्वीचं वॉटसन हॉटेल, हे इंग्लंडमध्ये घडवून बोटीनं आणलेल्या ओतीव आणि घडीव लोखंडाच्या सांगाड्यावर 1860 च्या दशकाच्या अखेरीस उभं राहिलं. त्याची रचना रोलंड मेसन ऑर्डिश यांची. लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनच्या प्रचंड छताच्या कामातही त्यांचा हात होता. 7 जुलै 1896 रोजी ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रं इथं दाखवली गेली, म्हणून सिनेमाच्या इतिहासात हे हॉटेल अजरामर झालं. बांधकामाच्या दृष्टीनं बघण्यासारखी गोष्ट निराळी आहे. सांगाडा लोखंडाचा, पण खांबांमधला भराव विटांचा आणि दर्शनी बाजूला लांबलचक व्हरांडे. ऊन थेट भिंतीवर पडू द्यायचं नाही आणि भिंत पातळ ठेवायची नाही, हे इथल्या हवेला शोभेल असंच होतं. लोखंडाची घाई घेतली, लोखंडाची कातडी मात्र नाकारली.

ब्रिटनमध्ये लोकांनी कातडीही स्वीकारली. गावोगावी नव्या वस्त्या वाढत होत्या, प्रार्थनेला जागा नव्हती आणि दगडी चर्चसाठी पैसे नव्हते. मग कॅटलॉगमधून चर्च मागवलं जाई. नॉर्विचची बोल्टन अँड पॉल, लिव्हरपूलची आयझॅक डिक्सन अशा कंपन्या आसनसंख्या सांगितली की पत्र्याचं चर्च, शाळा, दवाखाना, शिकारबंगला पाठवत. कला आणि कारागिरीचा कैवार घेणाऱ्या विल्यम मॉरिस यांना या पत्र्यानं झाकोळलेला देश बघून संताप येई. पण या चर्चमध्ये आत गेलं की पत्रा दिसत नसे. आतून एकमेकांत अडकणाऱ्या लाकडी फळ्यांचं अस्तर आणि फळ्या व पत्रा यांच्यामध्ये बहुधा जाड फेल्ट. पावसाचा आवाज दबे, उकाडा थोडा कमी होई आणि थंडीतही भजनी मंडळी टिकून बसत. उष्णतारोधनाची विद्या पुस्तकात येण्याआधी या चर्चच्या सुतारांच्या हातात होती.

पहिल्या महायुद्धानं झटपट उभारणी आणि आतलं अस्तर या दोन्ही विद्या एका माणसाच्या टेबलावर आणून ठेवल्या. पीटर नॉर्मन निसेन हे अमेरिकेत जन्मलेले, नॉर्वेजियन वडिलांचे, कॅनडात वाढलेले खाणअभियंता. ब्रिटिश सैन्याच्या रॉयल इंजिनियर्समध्ये ते अधिकारी होते. 1916 च्या एप्रिलमध्ये त्यांनी अर्धवर्तुळाकार झोपडीचा आराखडा केला आणि ऑगस्टमध्ये उत्पादनही सुरू झालं. सोळा फूट रुंद, सत्तावीस फूट लांब. टी आकाराच्या बाकदार पोलादी फासळ्या, त्यांवर आडव्या लाकडी पट्ट्या आणि वरून पत्रे. अख्खी झोपडी लष्कराच्या एका तीन टनी गाडीत मावे. हत्यार म्हणाल तर एक पाना. सहा माणसं चार तासांत ती उभी करत. एका चमूनं तर दीड तासाच्या आत हे काम उरकल्याची नोंद आहे. पहिल्या युद्धात अशा किमान एक लाख झोपड्या तयार झाल्या.

घाईच्या या पराक्रमाची वाहवा खूप झाली, पण निसेन यांचं खरं कसब पत्र्याच्या मागं होतं. त्यांनी फासळ्यांच्या आतल्या बाजूलाही अस्तर दिलं, कधी फळ्यांचं, कधी पन्हळी पत्र्याचंच. बाहेरच्या पत्र्याच्या पन्हळी छताच्या बाकाबरोबर खाली उतरत, म्हणजे पाणी वाहून जाई. आतल्या पन्हळी आडव्या. दोन्हींच्या मध्ये फासळीच्या जाडीएवढी हवा कोंडलेली राही. उष्णता अडवण्याचं जे काही काम होई, ते हीच पोकळी करत असे. जिथं अस्तर बसवलं नाही, तिथं रात्री सैनिकांच्या श्वासातली वाफ थंड पत्र्याला लागून पाणी होई आणि पांघरुणांवर ठिबके.

याच आतल्या बाजूचा सगळ्यात देखणा उपयोग कैद्यांनी केला. दुसऱ्या महायुद्धात स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांवर इटालियन युद्धकैदी आणले होते. त्यांनी दोन निसेन झोपड्या टोकाला टोक जोडून लॅम होम बेटावर एक चर्च केलं. पन्हळी पत्रा प्लास्टरबोर्डनं झाकला आणि दोमेनिको कियोकेत्ती या चित्रकारानं त्या बोर्डावर विटांचा आणि कोरीव दगडाचा आभास रंगवला. ते चर्च आजही पाहायला मिळतं.

मोटारगाडीसाठी सुटी पोलादी खोली विकण्याचा धंदा पहिल्या महायुद्धाच्या सुमारासच अमेरिकेत रुजत होता. 1908 मध्ये फोर्डची मॉडेल टी आली आणि सामान्य गिऱ्हाइकाच्या दारात मोटार उभी राहिली. ती ठेवायची कुठं? घोड्याचा तबेला होता, पण तिथं वाळलेलं गवत आणि इथं पेट्रोल. दोघांना एका छपराखाली ठेवणं म्हणजे आगीला आमंत्रण. कॅन्सस सिटीची बटलर मॅन्युफॅक्चरिंग ही गुराढोरांच्या पाण्याच्या टाक्या करणारी कंपनी. तिनं आपले पत्रे वाकवण्याचे साचे वापरून याच काळात मॉडेल टीसाठी पोलादी गॅरेज केलं आणि पुढं इमारतींचाच धंदा धरला. सिनसिनाटीच्या एडवर्ड्स मॅन्युफॅक्चरिंगसारख्या कंपन्या मासिकांतून ‘अग्निरोधक पोलादी गॅरेज’च्या जाहिराती देत. भाग टपालाच्या ऑर्डरवर येत, मालक ते स्वतः जोडे.

हिवाळ्यात मात्र हे गॅरेज मालकाची परीक्षा घेई. त्या मोटारींचं इंजिन साध्या पाण्यानं थंड व्हायचं आणि रात्री ते पाणी गोठलं की रेडिएटर फुटायचा. कोणी रोज रात्री पाणी काढून सकाळी पुन्हा भरे, कोणी पाण्यात अल्कोहोल मिसळे, कोणी गॅरेजमध्ये शेगडी लावे. पण पातळ पत्र्याच्या खोलीत शेगडी लावणं म्हणजे अंगण तापवण्यासारखंच. पोलाद उष्णता किती सहज वाहून नेतं याचा हिशेब सोपा आहे: काचलोकरीपेक्षा हजारपटींहून जास्त. आत ऊब टिकवायची तर पत्र्याच्या मागं दुसरं काहीतरी हवंच होतं. 1927 मध्ये बाजारात आलेल्या प्रेस्टोन या ग्लायकॉलच्या द्रावणानं रेडिएटरची चिंता मिटवली. गॅरेजमध्ये काम करणाऱ्या माणसाच्या गारठलेल्या बोटांची चिंता शिल्लक राहिली.

ते ‘दुसरं काहीतरी’ 1930 च्या दशकात स्वस्त झालं. ओवेन्स-इलिनॉय या बाटल्या करणाऱ्या कंपनीत गेम्स स्लेटर आणि डेल क्लाइस्ट यांनी वितळलेल्या काचेचे तंतू मोठ्या प्रमाणावर काढण्याची रीत बसवली आणि 1938 मध्ये त्यातून ओवेन्स-कॉर्निंग ही कंपनी निघाली. काचलोकरीच्या गाद्या भिंतीत सारल्या की काम झालं, असं लोकांना वाटलं. पण मग भिंतीच आतून ओल्या होऊ लागल्या. मिनेसोटा विद्यापीठातल्या फ्रँक रौली यांनी याच दशकाच्या शेवटी त्याचं कारण प्रयोगांनी दाखवलं. खोलीतली दमट, उबदार हवा लोकरीतून आरपार जाते, थंड बाहेरच्या थरावर पोचते आणि तिथं तिचं पाणी होतं. उपाय म्हणजे उबदार बाजूला वाफ अडवणारा पडदा. पोलादी शेडीसाठी हे ज्ञान लाखमोलाचं होतं, कारण पत्र्याइतका थंड आणि पाणी न शोषणारा बाहेरचा थर दुसऱ्या बांधकामात क्वचितच असतो. लाकूड थोडा ओलावा पोटात घेतं. पत्रा तो थेंब करून परत देतो.

1941 मध्ये अमेरिकी नौदलानं ऱ्होड आयलंडमधल्या क्वॉन्सेट पॉइंट इथं निसेनच्या झोपडीची सुधारलेली आवृत्ती करून घेतली. क्वॉन्सेट हटमध्ये दाबलेल्या लाकडी लगद्याच्या पातळ फळ्यांचं अस्तर आणि त्यामागं रोधक थर आराखड्यातच होता. पुढच्या नमुन्यांच्या फासळ्याही खास होत्या. दोन पोलादी पट्ट्या पाठीला पाठ लावून वेल्ड केलेल्या आणि मध्ये नागमोडी खाच. त्या खाचेत साधा खिळा ठोकला की तो वाकत वाकत आत शिरे आणि घट्ट रुतून बसे. भोक पाडायला नको, आटे पाडायला नकोत. पोलादावर अस्तर ठोकणं लाकडावर ठोकण्याइतकं सोपं झालं. युद्धात अशा दीड लाखांच्या आसपास झोपड्या तयार झाल्या. शांतता होताच त्या स्वस्तात विकल्या गेल्या आणि अमेरिकेत त्यांची दुकानं, धान्याची कोठारं, घरं आणि मोटारींची गॅरेज झाली. युद्धावरून परतलेल्या अनेकांना ही झोपडी कशी जोडायची ते आधीच पाठ होतं, म्हणून ‘स्वतः उभारा’ हा प्रकार तिथं पटकन अंगवळणी पडला.

त्या लाटेत अतिरेकही झाला. ओहायोतल्या कोलंबस शहरातली लस्ट्रॉन कंपनी घरच्या शेगडीवर किंवा बाथटबवर असतो तसल्या चकचकीत एनॅमलचे पोलादी चौकोन जोडून अख्खं घर विकू लागली, सोबत हवं तर गॅरेजचा संच. चौकोनांच्या मागं काचलोकर होती, रंग कधी उडत नव्हता, भिंत फडक्यानं पुसता येई. फक्त तसबीर टांगायला खिळा ठोकता येत नसे, त्यामुळं चुंबक वापरावे लागत. सरकारी कर्जाच्या ओझ्याखाली 1950 मध्ये कंपनी बुडाली, तोवर सुमारे अडीच हजार घरं उभी राहिली होती.

टिकली ती साधी पोलादी चौकट. सत्तरच्या दशकात पत्र्यावर नुसत्या जस्ताऐवजी पंचावन्न टक्के ॲल्युमिनियम आणि उरलेलं बहुतांश जस्त असा लेप आला आणि पत्र्याचं आयुष्य आणखी वाढलं. ब्रिस्टलमध्ये 1857 साली जॉन लायसाट यांनी सुरू केलेल्या कारखान्यातून एके काळी ऑस्ट्रेलियाला पत्रे जात. ते नाव पुढं ऑस्ट्रेलियाच्या ब्लूस्कोप कंपनीकडं आलं. याच ब्लूस्कोपनं 2004 मध्ये कॅन्सस सिटीची बटलरही विकत घेतली आणि त्यानंतर टाटा स्टीलशी भागीदारी करून पुण्यात कंपनी थाटली. त्यामुळं इंग्लंडच्या गोदीतून निघालेला पत्रा आणि मॉडेल टीचं गॅरेज करणारी कंपनी या दोघांची नावं आज महाराष्ट्रातल्या औद्योगिक वसाहतींतल्या शेडींवर दिसू शकतात.

महाराष्ट्रात पत्र्याचं दुखणं उलट्या दिशेनं येतं. इथं ऊब राखायची नसते, ऊन परतवायचं असतं. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपानंतर पक्की घरं मिळेपर्यंत अनेक कुटुंबांनी पत्र्याच्या तात्पुरत्या शेडींत मराठवाड्याचे उन्हाळे काढले. शेतकऱ्यांनी यावर आपले उपाय शोधलेत. पोल्ट्रीच्या छपरावर उसाचं पाचट पसरायचं, चुना मारायचा, चैत्र-वैशाखात दुपारी वरून पाणी सोडायचं. कारखान्यांच्या छपरांवर वाऱ्यानं गरगर फिरणारे टर्बो व्हेंटिलेटर वर साचलेली गरम हवा बाहेर ओढतात. छताखाली लावायची चंदेरी बबल शीटही हल्ली सर्रास दिसते. पण ती पत्र्याला चिकटवून ठोकली तर तिचा निम्मा उपयोग वाया जातो. चकचकीत पृष्ठभाग उष्णतेचे किरण अडवतो तो समोर हवेची पोकळी असेल तेव्हाच.

वाफेच्या पडद्याचंही तसंच. मिनेसोटात तो आतल्या बाजूला लागतो, कारण ऊब आत असते. मुंबईत एसी लावलेल्या बंद गॅरेजमध्ये दमट, उबदार हवा बाहेर असते, म्हणून पडदा बाहेरच्या बाजूला हवा. अमेरिकी संचाबरोबर आलेली पुस्तिका जशीच्या तशी पाळली, तर कोकणातल्या पावसाळ्यात काचलोकर वर्षभरात ओलीचिंब होऊ शकते. कामाचा क्रमही असाच फसवतो. पोलादी चौकटीच्या शेडीत काचलोकरीची गुंडाळी छत पेलणाऱ्या आडव्या पट्ट्यांवर, म्हणजे पर्लिनवर, आधी अंथरायची असते आणि तिच्यावर पत्रा स्क्रूनं आवळायचा असतो. घाईत पत्रा आधी चढला की मग खालून जाळी बांधा, तारा ओढा, गादी वर कोंबा. खर्च वाढतो आणि पर्लिनच्या रेषेत पोलादाला पोलाद भिडलेलं राहतं ते राहतंच.

म्हणून अलीकडं फॅब्रिकेटर पफ पॅनेल सुचवतात. दोन पत्रे, मध्ये पॉलियुरेथेनचा फोम, सगळं कारखान्यातच एकजीव करून आलेलं. निसेन यांनी फासळ्यांच्या मागं मोकळी सोडलेली पोकळी इथं भरूनच येते. शीतगृहांपासून बांधकामावरच्या मजुरांच्या खोल्यांपर्यंत हे पॅनेल पोचलं आहे. ज्या जागी वेल्डिंगच्या ठिणग्या उडतात तिथं फोमऐवजी दगडलोकर भरलेलं पॅनेल घेतात, कारण फोम पेट घेतो. बाकी कौशल्य सांध्यांत. दोन पॅनेलांच्या मधल्या खाचेत सीलंटची रेघ सलग गेली नाही, तर घाम नेमका त्याच फटीला सुटतो. त्यामुळं अनुभवी मिस्त्री काम ताब्यात देण्याआधी दार बंद करून आत उभा राहतो आणि बाहेरचा उजेड कुठून दिसतो ते एकेका सांध्यावर तपासतो.